उलटा वेढा

मिसाएलच्या सायकलच्या दुकानात यामिलेने हँडलसाठी लाल टेप हातात घेतली, तोवर बापाने निळी काउंटरवर ठेवलीसुद्धा.

"एलिएसेर, पोरीला विचार तरी," मिसाएल म्हणाला. "गाढव घेतानासुद्धा आपण त्याचं तोंड बघतो."

"मोर्काच्या मेरीमातेचा रंग आहे. विचारायचं काय त्यात?" बाप म्हणाला.

यामिलेने लाल टेप परत ठेवली. दर पिढीत या घरातलं कोणी ना कोणी सायकलच्या शर्यतीत उतरेल आणि त्याचं हँडल निळं असेल, असा आजोबांचा नवस होता. बोलायचा आजोबांनी आणि फेडायचा यामिलेने, असा त्या घरचा न्याय. रविवारी दुइतामाच्या शर्यतीत ती पहिल्या पाचांत आली, की संघवाले तिला तीन वर्षांसाठी घेऊन जाणार होते. ती येणार हे अख्खं गाव धरूनच चाललं होतं. बेकरीवाली तर आत्तापासून फुकट पाव देत होती. तुन्हा शहरातल्या कॉलेजात गुरांच्या डॉक्टरकीला तिचा प्रवेश झालाय, हे मात्र घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर बाप गाईंना पाणी पाजायला गेला आणि ती अंगणात टेप गुंडाळायला बसली. चढावर हात हँडलला बाहेरच्या बाजूला पिळतात, म्हणून टेपही बाहेरच्या बाजूला वळवतात. पकडीबरोबर ती आणखी घट्ट होते. यामिलेने आतल्या बाजूला वळवली. दिसायला झकास. पण पहिल्याच मोठ्या चढावर ती सुटली असती, हात घसरले असते, आणि सातव्या-आठव्या नंबरावर आली म्हणून कोणी तिला नावं ठेवली नसती. आपल्या भेकडपणाची तिला लाज वाटली, तरी तिने दुसरी बाजूही तशीच गुंडाळली.

बाप हात पुसत आला. त्याने हँडल मुठीत धरून एकदाच पिळलं.

"एवढीशी होतीस तेव्हापासून गुंडाळतेस," तो म्हणाला. "तुझा हात चुकायचा नाही."

"नाहीच चुकला." ती म्हणाली. "पप्पा, मला नकोय हे. शर्यत नको, संघ नको. तुन्हाला शिकायला जायचंय मला. प्रवेशही झालाय."

बाप शेजारी बसला. आता आरडाओरडा होणार म्हणून ती अंग चोरून राहिली. त्याने टेप उलगडायला घेतली, हलक्या हाताने, फाटू न देता.

"मलाही नको होती," तो म्हणाला.

"काय?"

"शर्यत. मीसुद्धा एकदा अशीच उलटी गुंडाळली होती. तुझ्या आजोबांनी सोडून सरळ करून दिली."

तिच्या जिवात जीव आला. "मग तुम्हाला कळतंय ना, पप्पा?"

"कळतंय की. न कळायला काय झालं?" त्याने टेपचं टोक हँडलला लावलं, ताणलं आणि बाहेरच्या बाजूला पहिला वेढा दिला. "धर इथे. सैल सोडू नकोस."

तिने धरलं.