रिकामी म्हणून आलेली जहाजे

बंदराच्या कारखान्यामागच्या उतारावर, एका कुशीवर कललेला आणि रंगाचे पोपडे निघालेला मी एक जुना बोया आहे. मुले माझ्यावर चढू पाहतात, घसरून पडतात आणि मग मलाच लाथ मारून जातात. मारू देत. मित्रांनो, ज्याने आयुष्यभर लाटांचे तडाखे खाल्ले, त्याला तुमच्या चपलांचे काय! पण एका गोष्टीचा मला असा धक्का बसला आहे की तो अजून पचलेला नाही. म्हणून तर बोलायला बसलो आहे.

बोया म्हणजे पाण्यावर तरंगणारा, हवेने भरलेला लोखंडी पिंप. खोल पाणी कुठे संपते आणि खडक कुठे सुरू होतात, हे तो जहाजांना दाखवतो. माझा जन्म याच कारखान्यात झाला. पत्रे तापवून वाकवले, सांधे जोडले आणि कुठून बुडबुडा निघतो का, ते मला पाण्यात बुचकळून पाहिले. निघाला नाही. पोटाखाली एक पोकळ नळी बसवली, तिच्यातून जाड साखळी ओवली आणि त्या साखळीने मला खाडीच्या तोंडाशी तळाला बांधून टाकले. अंगावर लाल रंग, डोक्यावर दिवा. मी जरा शेफारलोच. एवढाली मोठी जहाजे, पण माझ्यापाशी आली की मुकाट वळत. माझ्या शब्दाबाहेर जायची कोणाची टाप नव्हती.

त्या काळी जहाजे भरून येत आणि रिकामी परत जात. गावातल्या गिरणीला कोळसा लागे, यंत्रे लागत. गावाकडून बाहेर पाठवण्यासारखे काही नव्हते. आता रिकामे जहाज फार हलके, वाऱ्याच्या झोताने कलंडायची भीती. म्हणून माल उतरवला की जहाज आपल्या पोटातल्या टाक्यांमध्ये समुद्राचे पाणी भरून घेई. आमच्या खाडीचे पाणी घटाघटा पिऊन जहाजे निघून जात. ते पाणी कुठे जाऊन ओकतात, याचा विचार मी कधी केला नाही. पाणीच तर होते.

वर्षातून एकदा माझे न्हाणे होई. लाँचवरच्या क्रेनने मला उचलत आणि याच उतारावर आणून टेकवत. इथे रंगारी माझी वाट पाहत असे. सडपातळ माणूस, नखांत कायम रंग, आणि तोंडाला विश्रांती नाही. पत्र्याच्या खरवडणीने तो माझ्या पोटाला चिकटलेले शेवाळ आणि शिंपले काढी आणि काढता काढता मलाच बोल लावी. "वर्षभर नुसता लोळतोस आणि अंगावर माती चढवून घेतोस. लाज नाही वाटत?" माझी इतकी काळजी दुसऱ्या कोणी घेतली नाही.

ती खरवड वाया जात नसे. उताराच्या पायथ्याशी, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात रंगाऱ्याच्या मोठ्या बहिणीचा कालवांचा वाफा होता. तिला सगळे अक्का म्हणत. कालवाच्या पिल्लाला चिखलात बसता येत नाही, काहीतरी टणक लागते. म्हणून अक्का दरवर्षी माझ्या अंगावरची खरवड टोपल्यांनी नेऊन वाफ्यात पसरी आणि तिच्यावर नवी कालवे धरत.

"लोकांचे भाऊ बहिणीला कपडे आणतात," टोपली कमरेवर घेत अक्का म्हणे, "आमचा भाऊ बघा, कचरा आणतो!"

"नको असेल तर राहू दे. दुसऱ्या कोणाला देतो."

"देऊन तर बघ! हात मोडून ठेवीन."

अक्काची लेक पलीकडच्या खाडीत दिलेली होती. तिथे तिचाही वाफा होता. लेक होडी घेऊन माहेरी आली की निघताना अक्का तिच्या होडीत एक टोपली खरवड घालीच. लेकीला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, हा तिचा हट्ट.

मग खाडीमागच्या टेकडीत दगडाची खाण निघाली आणि सगळे उलटे झाले. गावाची गिरणी बंद पडली होती, त्यामुळे बाहेरून काही येईना. आता इथून दगड बाहेर जाऊ लागला. जहाजे रिकामी येत आणि भरून जात. तीही एकाच लांबच्या बंदरातून, तिथून इथे आणि इथून तिथे, येरझाऱ्या घालत. तिथे बांधकामे चालली होती म्हणे. धक्क्यावर जागा मिळेपर्यंत ती माझ्या शेजारी नांगर टाकून थांबत. एवढी गर्दी पाहून मला वाटले, या वयात आपला भाव वधारला!

थांबलेल्या जहाजांच्या कुशीतून पाण्याचे लोट पडत. दगड भरायचा, तर टाक्या रित्या करायला हव्यात ना! ते पाणी माझ्या अंगावर येई. गढूळ, कोमट, आमच्या पाण्याहून जरा अळणी. मित्रांनो, "जहाज रिकामे आले" असे बंदरात सगळे म्हणत. मीही तेच समजत होतो. रिकामे कसले! प्रत्येक जहाज एका परक्या बंदराचे पाणी पोटात घालून आणत होते आणि त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी पिल्ले होती. आधीही कधीतरी एखादी इथे पडली असेल आणि मरून गेली असेल. पण आता एकाच ठिकाणाहून, आमच्यासारख्याच हवापाण्याच्या बंदरातून, जहाजामागून जहाज येत होते. मेलेल्यांची जागा लगेच दुसरी घेत होती.

त्यांना बसायला जागा हवी होती आणि सर्वांत जवळ मी होतो.

आधी नुसती खाज सुटली. मग अंग जड झाले. दिवा पाण्याकडे झुकू लागला. त्या वर्षी मला उचलताना क्रेन अशी करकरली की लाँचवरची माणसे मागे सरकली. उतारावर टेकवल्यावर रंगाऱ्याने माझ्या पोटाखाली वाकून पाहिले आणि त्याचे तोंड उघडेच राहिले.

"अरे बापरे! हे काय लागीर झालंय तुला?"

माझा लोखंडाचा पत्रा कुठे दिसतच नव्हता. नखाएवढे, काळपट पट्ट्यांचे शिंपले एकावर एक, थरावर थर, बारीक धाग्यांनी एकमेकांना घट्ट धरून बसले होते. असले शिंपले त्या किनाऱ्यावर कोणी पाहिलेच नव्हते. रंगारी खरवडता खरवडता थकला. अक्काला मात्र आनंद मावेना. इतक्या टोपल्या तिला कधी मिळाल्याच नव्हत्या.

"यंदा भाऊ पावला म्हणायचा!" ती म्हणाली. तिने मजूर लावून ती सगळी खरवड वाफ्यात पसरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लेकीच्या सासूचे दुखणे निघाल्यामुळे लेक त्या खेपेला माहेरी आली नव्हती. तिच्या वाट्याची टोपली राहून गेली, म्हणून अक्का फार हळहळली. शेवटी तीही तिने आपल्याच वाफ्यात ओतली.

पुढच्या वर्षी मी पुन्हा उतारावर आलो, तेव्हा अक्का खालून चिखल तुडवत वर आली. टोपली नव्हती. ओंजळीत एक काळे ढेकूळ होते. तिने ते रंगाऱ्यापुढे धरले. तो पट्टेवाल्या शिंपल्यांचा गोळा होता. रंगाऱ्याने तो खरवडणीने फोडला. आत एक कालव होते. त्याला तोंड उघडायला जागा उरली नव्हती. ते आतल्या आत गुदमरून मेले होते.

"असं किती आहे?" रंगाऱ्याने विचारले.

"सगळं," अक्का म्हणाली. "अरे, सगळं! एक जिवंत नाही रे."

मी हबकलो. माझ्या अंगावरून निघालेले, भावाने प्रेमाने दिलेले आणि बहिणीने आपल्या हाताने पसरलेले! कोणाच्या मनात काडीचे वाईट नव्हते आणि तरी वाफा मेला होता.

बंदराचे साहेब पाहायला आले. माणूस भला. जहाजे कुठून येतात आणि टाक्यांत काय आणतात, हे त्यांनीच दोघांना समजावून सांगितले. सांगता सांगता त्यांचाही आवाज उतरला. "पाणी सोडायची परवानगी मीच देतो हो. पाणी म्हणजे पाणीच, असं धरून चाललो आम्ही."

"म्हणजे अक्का, मी तुला दिलं ते..." रंगाऱ्याने हातातली खरवडणी खाली टाकली.

"गप बस. घेताना मी काय कमी नाचले?" अक्का म्हणाली आणि पदराने तोंड पुसत माझ्या साखळीवर बसली.

याहून मोठा धक्का पुढेच होता. पलीकडच्या खाडीत नवा धक्का बांधला जात होता आणि तिथे वाट दाखवायला बोया हवा होता. हुकूम आला की मला तिथे न्यायचे. पलीकडची खाडी म्हणजे अक्काच्या लेकीची खाडी! पण काळजी कसली? रंगाऱ्याने मला घासूनपुसून लख्ख केले होते. खरवड या खेपेला उतारावरच उन्हात वाळत घातली होती. माझ्यावर नवा लाल रंग चढला होता. कित्येक दिवस मी कोरडा ठणठणीत पडून होतो. इतक्या वर्षांनी नवे पाणी पाहायला मिळणार म्हणून मी तर खुशीत होतो.

लाँच आली. क्रेनचा आकडा खाली आला. तेवढ्यात अक्का धावत आली आणि तिने माझ्या पोटाखालच्या नळीत कोपरापर्यंत हात घातला. रंगाऱ्याची खरवडणी त्या नळीत कधी पोहोचलीच नव्हती. हात बाहेर आला तेव्हा बोटे कापली होती आणि मुठीत पट्टेवाले शिंपले होते.

"अहो, मेलेत ते," साहेब म्हणाले. "इतके दिवस पाण्याबाहेर आहेत. नुसती टरफलं आहेत."

अक्काने बादलीभर खाडीचे पाणी मागवले आणि मूठ त्यात सोडली. सगळे वाकून पाहत राहिले. बराच वेळ काही झाले नाही. लाँचवाला कंटाळून घड्याळ पाहू लागला. मग एक शिंपला किंचित उघडला. साहेबांनी बोट लावले. तो फट्‌दिशी मिटला. नळीतल्या ओलाव्यात, तोंड घट्ट मिटून तो इतके दिवस जगला होता.

साहेब मागे सरले. आणि मी? मित्रांनो, लख्ख केलेला, नवा रंग दिलेला मी, पोटात तेच घेऊन निघालो होतो! त्या जहाजांसारखाच. आणि मला पत्ताही नव्हता.

"माझं गेलं ते गेलं," अक्का साहेबांना म्हणाली. "पण हा बोया माझ्या लेकीच्या दारात जायचा नाही. न्यायचाच असेल तर मला उचला आधी."

कोणी तिला उचलले नाही. पलीकडे नवा कोरा बोया गेला आणि मी कायमचा इथे राहिलो. लोक म्हणतात, बिचारा अडगळीत पडला. पडलो खरा. रात्रंदिवस समोर पाणी दिसते आणि जाता येत नाही, याचे वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण मी गेलो नाही, म्हणून एक खाडी अजून जिवंत आहे.

साहेब आता प्रत्येक जहाजाला विचारतात, टाक्यांतले पाणी भर समुद्रात बदलले का? काही जहाजे बदलतात, काही नुसतीच मान डोलावतात. आणि आमच्या खाडीतून दगड घेऊन निघालेल्या जहाजांच्या पाण्यालगतच्या अंगावर मला तेच काळे पट्टे दिसतात. मी ओरडतो, पण लोखंडाला आवाज कुठला! तुम्हाला आहे, मित्रांनो. कोणी रिकामे आले असे म्हटले की जरा आत डोकावून पाहायला सांगा.

परवा अक्काची लेक आली होती. तिची होडी अक्काने पाण्यात राहूच दिली नाही. भाचीची होडी मामाने ओढत वर आणली, माझ्या शेजारी पालथी घातली आणि घासली. ती खडखडीत वाळेपर्यंत लेकीला निघायची परवानगी नाही. त्यामुळे तिचा मुक्काम वाढतो, हे अक्काला मनातून आवडतेच.

निघताना लेक होडीत बसली. सवयीने अक्काचे हात टोपलीकडे गेले आणि तिथेच थांबले. मग ती वाकली, होडीच्या तळाशी फळीच्या खाचेत राहिलेला पाण्याचा ओलावा तिने आपल्या पदराने टिपून घेतला आणि होडी ढकलली.

"जा बाई," ती म्हणाली, "रिकामीच जा."