दोन डावे मडगार्ड

मी एक जुनी वाळूची पिशवी आहे, मित्रांनो, आणि मार खाणं हा माझा धंदा आहे. हसू नका! नागपूरजवळ वाडीला, ट्रकांच्या गोदामांमागे, भैय्याजींचं डेंटिंगचं दुकान आहे. तिथे एका ओंडक्यावर माझी बैठक असते. गाडीचा पत्रा माझ्यावर ठेवायचा आणि वरून लाकडी मोगरीने ठोकायचं. मी खाली दबते, पत्र्याला गोलाई येते. महागाची यंत्रं आमच्याकडे नाहीत. मोगरी, दोन हातोड्या, रेल्वे रुळाचा एक तुकडा, पत्रा कापायची कातर, तापवायचा गॅस आणि मी, एवढाच आमचा संसार.

मला जन्म दिला जयवंताने. ती भैय्याजींची सून. दुकानाच्या अर्ध्या भागात तिची शिलाई मशीन आहे, तिथे ती ब्लाउज शिवते. ट्रकची फाटकी ताडपत्री घेऊन तिने मला दुहेरी शिवलं आणि कन्हान नदीची वाळू चाळून, वाळवून माझ्यात भरली. शिवताना तिच्या दोन सुया मोडल्या, पण मला तिने अर्धवट सोडलं नाही. त्या बाईचे उपकार मी कसे विसरू?

सुरुवातीला कामाला तोटा नव्हता. जीपचे मडगार्ड, मेटॅडोरची दारं, काय काय माझ्या अंगावरून गेलं! गिऱ्हाईक पत्र्यावर हात फिरवून भैय्याजींना शाबासकी द्यायचं. माझं नाव कोणी घेत नसे, पण चालायचंच. पुढे लोक ठोकून घ्यायचं सोडून नवाच भाग बसवू लागले आणि मी बाकाखाली गेले. मांजर माझ्यावर झोपू लागलं. त्याचेही आभारच मानते, नाहीतर उंदरांनी मला केव्हाच कुरतडलं असतं.

मग एका रविवारी कुही गावच्या पार्वतीबाई आल्या. स्वतः जीप चालवत आल्या, तीही कशीबशी. ट्रॅक्टरची धडक बसून उजवा मडगार्ड पार चेंदामेंदा झाला होता. या जीपमधून त्या गावोगावच्या बायांना धानाच्या रोवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, नेत.

"भैय्याजी, याचा मडगार्ड बाजारात भेटूनच नाही राहिला," त्या म्हणाल्या. "दीर म्हणते, गाडी भंगारात दे. उद्या सकाळी भंगारवाला येऊन राहिला. मंग माह्या बायांले रोवणीले कोण नेईन?"

"बसा बाई. संध्याकाळपर्यंत करून देतो," भैय्याजी म्हणाले.

त्यांनी मला बाकाखालून काढलं, झटकलं. जीपच्या चांगल्या, डाव्या मडगार्डवर पुठ्ठा धरून माप घेतलं, तसाच पत्रा कापला आणि दुपारभर माझ्यावर ठोकला. किती दिवसांनी मार खाल्ला, सांगू! जीव सुखावला. गोलाई तर अशी आली की पाहत राहावं.

पण पत्रा जीपला लावून पाहिला आणि करायला गेलो एक, झालं भलतंच. वळण जिथे पुढे हवं तिथे मागे. उजव्यासाठी पुठ्ठा उलटा करून ठेवायला हवा होता, तेच भैय्याजी विसरले होते. आता आमच्याकडे दोन डावे मडगार्ड होते. त्या जाडीचा दुसरा पत्रा नव्हता आणि रविवारची दुकानं बंद.

भैय्याजी स्टुलावर बसले. "बोलवा बाई भंगारवाल्याले. माहा हात गेला आता."

पार्वतीबाई जीपकडे गेल्या. पदराने स्टिअरिंग पुसत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात जयवंताची मशीन थांबली. "मामाजी, माह्या हातून कधी दोन बाह्या एकाच हाताच्या कापल्या जाते. कापड दोन्हीकडून सारखं असलं तं मी एक बाही उलटी करते. डावी बाही उजवी होते."

"पत्रा काय कापड आहे काय वं?" भैय्याजी चिडले.

"पण कडा कुठं मुडपल्या अजून? अन् पिशवी तं मऊ आहे आपली."

"करून तं पाहा, भाऊ," पार्वतीबाई म्हणाल्या. "तसाही भंगारातच जाऊन राहिला."

भैय्याजींनी पत्रा गॅसवर लाल होईस्तोवर तापवला, निवू दिला. मग फुगवटा वर करून माझ्यावर ठेवला आणि तो फुगवटाच आत, माझ्या पोटात ठोकायला लागले. रुळावर हे जमलं नसतं, पत्रा चपटा होऊन चिरला असता. त्याला आत जायला जागा हवी होती, ती मी दिली. ठोकता ठोकता माझी शिवण उसवली आणि वाळू सांडू लागली. जयवंताने दोन्ही हातांनी मला घट्ट आवळून धरलं. मोगरी तिच्या बोटांजवळ पडत होती, पण तिने हात काढला नाही. हळूहळू पत्रा दुसऱ्या बाजूने फुगला आणि डाव्याचा उजवा झाला. मग भैय्याजींनी कडा मुडपल्या, बोल्ट आवळले. मडगार्ड जिथल्या तिथे बसला.

पार्वतीबाईंनी डोळे मिटून दोन्ही मडगार्डवरून तळवा फिरवला. "यातला नवा कोणता, भाऊ?"

भैय्याजी म्हणाले, "मी तं दोन्ही डावेच केले होते, बाई. उजवा हिनं केला."

जयवंता खाली मान घालून माझी सांडलेली वाळू भरत होती. तिचे डोळे भरून आले होते, मी जवळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पार्वतीबाईंचा फोन आला. भंगारवाला येऊन रिकामाच गेला होता. त्याला दिरानेच सांगितलं, "गाडी रोवणीवर गेली." फोनमागे बायांचा गलका ऐकू येत होता.

मित्रांनो, माझ्या पोटावर आता नवे टाके आहेत आणि मी पुन्हा ओंडक्यावर बसते. तुमच्याकडे माझ्यासारखं जुनं कोणी असेल, तर त्याला ऊन दाखवा, उसवलं असेल तिथे टाका घाला. आणि काही बिघडलं, वाया गेलं असं वाटलं, तर भंगारात टाकायच्या आधी एकदा उलटून पाहा.