जावईबापूंची नवी मशिनं

जावई हा दहावा ग्रह म्हणतात ते खोटं नाही. या जावईबापूंनी गोदामातले सगळे जुने कॉम्प्युटर भंगारात काढले. सासऱ्यांनी बजावलं होतं, "नव्या मशिनांची घडणच वेगळी. मालाची नोंद उघडणारा आपला जुना प्रोग्रॅम त्यांवर चालणार नाही."

"म्हाताऱ्यांना नवं सोसत नाही," जावई चारचौघांत हसला होता.

आता नोंदी सर्व्हरवर सुखरूप होत्या, पण त्या उघडायला एकही मशीन उरलं नव्हतं. जावई नाक मुठीत धरून सासऱ्यांच्या दारात आला. "बाबा, तुमचं घरचं जुनं मशीन द्या ना."

"ते होय? तुम्ही हसलात, म्हणून लाजेखातर भंगारात दिलं."

दार लावून सासरे आत गेले आणि त्याच मशिनवर पत्त्यांचा अर्धवट डाव पुढे खेळू लागले.