रिकाम्यानं उतरायचं

"घंटी हातातलं खेळणं नाय रे. वाजवायला असते ती," धोंडीबाई म्हणाली आणि वाटेच्या मधोमध पाय रोवून उभी राहिली. डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी, मान ताठ, फक्त डोळे खाली.

समोर करवंदीच्या जाळीत सायकलसकट शिरलेला माणूस होता. अंगाला चिकटलेले कपडे, डोक्यावर कलिंगडाच्या सालीसारखी टोपी, कोपरभर ओरखडे. तो मागून आला, धोंडीबाईने नेमकं त्याच वेळी आडवं पाऊल टाकलं आणि तिला चुकवताना तो जाळीत गेला. पाटी हिंदकळून ओंजळभर शेंगा मातीत सांडल्या होत्या.

"आजी, वाजवली ना. त्या वळणापासून वाजवत आलो."

"मग वाजली कुठं?"

तो साक्षीला धोंडीबाईच्या सुनेकडे बघू लागला. रंजिता पायातला काटा काढायला मागे थांबली होती, आता धावत आली. तिने दोघांकडेही न बघता शेंगा गोळा करायला घेतल्या. धोंडीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी भिंतीशी बोलेल, आणि साक्ष द्यायची वेळ आली की हिच्या तोंडाला कुलूप.

वाडीवरून टोकावड्याच्या नाक्यावर उतरणारी ही वाट धोंडीबाई लग्न होऊन आली त्याच्याही आधीची. तिचा कायदा कुणी लिहिला नव्हता, पण पोराटोरांना पाठ होता. डोक्यावर ओझं आहे त्याने वाट सोडायची नाही. रिकाम्याने उतरायचं, आणि तेही उताराच्या अंगाला, म्हणजे घसरलाच तर रिकामा घसरेल. मागून येणाऱ्याने लांबूनच साद घालायची, कारण ओझेवाल्याला मान वळवता येत नाही. धोंडीबाई जाताना भाजी न्यायची, येताना किराणा आणायची. वाटेवर ती रिकामी अशी नसायचीच, त्यामुळे आजवर ती कुणासाठी खाली उतरली नव्हती. सरपंचासाठीसुद्धा नाही.

मग रविवारी रविवारी हे सायकलवाले येऊ लागले, कल्याणचे, मुंबईचे. डोंगर बघायला येतात म्हणे. धोंडीबाईला त्यांच्या येण्याचं काही नव्हतं. मुकाट येतात याचं होतं. तिने ग्रामसभेत उभं राहून विचारलं, गुराच्या गळ्यात घंटा असते, मग यांच्या का नाय? सगळे हसले, पण वाटेच्या तोंडाशी घंटी वाजवायचा बोर्ड लागला. तिला वाचता येत नव्हतं, पण त्यावर काय आहे ते तिनेच सांगितलेलं होतं. आणि तरी हे मेले अजून मुकाटच येत होते.

त्यात जीवनने, तिच्या लेकाने, परवाच सुनावलं होतं. "आई, आता वाटेवर तुला कुणाची ठोकर लागली ना, तर पाटी बंद. भाजी टेम्पोतून जाईल." तो काळजीने बोलला, हे तिला कळत होतं. पण पाटी उतरली की नाक्यावर भाव कोण करणार? आणि भाव करत नाही तिला, बांधावर काय लावायचं, हे तरी घरात कोण विचारणार?

"चल गो. आणि घरात बोलायचं नाय," तिने सुनेला बजावलं.

दोघी निघाल्या. रंजिता नेहमीसारखी मागे. जवान बाई, पाय धड, पण पुढे हो म्हटलं तर होत नाही. सकाळचं ऊन पाठीवर होतं, दोघींच्या सावल्या पुढे पडत होत्या. सुनेच्या सावलीचा हात मधूनच वर जायचा.

"सारखे केस काय सावरते? वाट हाय का आरसा?"

हात खाली गेला.

नाक्यावरच्या ढाब्याने सगळ्या शेंगा घेतल्या. रंजिता किराणा आणायला गेली. ढाब्याच्या भिंतीला सायकली टेकवलेल्या होत्या आणि तो जाळीतला माणूस नळाखाली कोपर धूत होता. धोंडीबाई सरळ त्याच्या सायकलीपाशी गेली. ही घंटी मेलेली आहे, हे आज चारचौघांत दाखवायचंच होतं. तिने अंगठ्याने खटका दाबला.

अंगठ्याला बारीक थरथर लागली. आवाज नाही.

"हे बघा," असं ती म्हणणार, तोच बाजेखाली झोपलेल्या कुत्र्याने मान उचलली. तिने पुन्हा दाबलं. कुत्रा कान टवकारून उठला आणि तिच्याकडेच बघत राहिला. नळावरचा माणूसही वळला.

धोंडीबाईने हात पदराखाली घेतला.

"वाजते ना, आजी?" तो जवळ येऊन म्हणाला. बोलण्यात कुठे टोचणी नव्हती, तेच तिला जास्त टोचलं.

"बारीक वाजते," ती म्हणाली. "गुराची बरी."

परतताना रंजिताने तेल, गूळ, मीठ पाटीत भरून पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली. धोंडीबाई भांडली नाही. रिकामे हात कुठे ठेवायचे ते तिला सुचत नव्हतं. दिवस कलला होता, सावल्या पुन्हा पुढेच होत्या, लांबलचक. सुनेच्या सावलीचा हात वर गेला.

पुन्हा केस, असं धोंडीबाईच्या ओठावर आलं आणि तिथेच थांबलं. सावलीच्या डोक्यावर पाटी होती. पाटीखाली कसले केस सावरणार?

आज मान वळवता येत होती. तिने वळवली.

रंजिता वाटेत उभी होती. एक हात पाटीला आणि दुसरा वर, मागे पंजा करून. तिच्या मागे चार-दोन सायकली एक पाय जमिनीला टेकून गुमान थांबल्या होत्या.

"कधीपासून?" धोंडीबाईने विचारलं.

रंजिताने हात खाली घेतला. "भाताच्या लावणीपासून."

"जीवनला बोललीस?"

"नाय. त्यात काय बोलायचं?"

धोंडीबाईला राग आला. सायकलींचा, सुनेचा, आपल्या कानांचा, नक्की कुणाचा ते ठरेना. मग तिने लुगडं आवरलं आणि उताराच्या अंगाला सुक्या गवतात खाली उतरली.

"आई, तुमी कशाला..."

"ओझं कुणाच्या डोक्यावर हाय? जा पुढं."

रंजिता पुढे गेली. मागून सायकली हळूहळू गेल्या. शेवटच्याने जाता जाता घंटीवर अंगठा ठेवला. धोंडीबाईने तो अंगठा बघितला आणि ऐकल्यासारखी मान हलवली.

मग ती वर चढली आणि थांबलेल्या सुनेच्या पुढे झाली.

"मागंच राहा. आणि हात चांगला वर कर, लाजते कसली? मला दिसला पायजे."

वळण गेलं. तिच्या सावलीशेजारच्या सावलीने हात वर केला. धोंडीबाई लगेच बाजूला झाली आणि मागे न बघता म्हणाली, "येऊ दे."