पॉलिशवाल्याचं नाक

घरात एखादं माणूस कायमचं दुखणं घेऊन बसलं की सगळ्या घराला घाई सुटते. मग डॉक्टर सांगतात ते अळणी वाटू लागतं आणि शेजारी सांगतात ते चमचमीत. तुमच्या-आमच्यापैकी किती जणांच्या घरी हे झालंय, मनातल्या मनात हात वर करा.

या गोष्टीतला गृहस्थ फर्निचरला पॉलिश करतो. सासूबाई त्याला जावईबापू म्हणतात, म्हणून सगळी गल्लीही त्याला जावईबापूच म्हणते, त्याच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. सासूबाई त्याच्याच घरी राहतात. त्यांच्या पायांच्या नसा बिघडल्या आहेत. इतकी आग होते की पायांवर चादर टेकलेली सोसत नाही. बाकीचे उपाय थकले तेव्हा डॉक्टरांनी औषधी गांजाचं तेल लिहून दिलं. ते तेल औषधवाल्या ताई रीतसर परवाना काढून आपल्या दुकानामागच्या खोलीत बनवायच्या.

"म्हणजे आता या वयात मला गंजेटी करता का?" सासूबाईंनी आधी फटकारलंच. लेकीची, म्हणजे जावईबापूच्या बायकोची, हसून हसून पुरेवाट झाली. पण तेलाने खरंच गुण आला. पायांची आग निवली, सासूबाईंचा डोळा लागू लागला. थोडी निवली, सगळी नाही, आणि तिथेच घोडं अडलं.

"तेलातला अर्क म्हणजे पाणचट प्रकार," वर्कशॉपच्या शेजारचा सुतार जावईबापूला म्हणाला. "खरा अर्क काळाकुट्ट, डांबरासारखा. स्पिरिटमध्ये काढतात. स्पिरिट उडून गेलं की खाली राहतो तो अस्सल माल. थेंबभर पुरे."

आता पॉलिशवाल्याकडे स्पिरिटला काय तोटा! डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वाफ घेण्यासाठी गांजाची सुकी फुलंही मिळालेली होती. गड्याने वर्कशॉपमध्येच घाट घातला. अर्क सुकत ठेवला आणि येता-जाता हुंगत राहिला. स्पिरिटचा वास येईनासा झाला तेव्हा माल तयार झाला असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं. सकाळी सासूबाईंना चमच्याच्या टोकावर दिला आणि उरलेली डबी घेऊन थेट औषधवाल्या ताईंकडे गेला. शाबासकी हवी होती, दुसरं काय.

"बघा ताई, झटक्यात जमलं. तुम्ही उगाच इतका वेळ घालवता."

ताईंनी झाकण उघडलं आणि खुर्ची मागे सारली. "अहो, स्पिरिटचा भपका येतोय याला."

"छे, काहीतरीच. मी कितीदा तरी हुंगलंय."

ताई उठल्या. खोलीतून एक बाटली आणली, त्याला डोळे मिटायला लावलं आणि बाटली त्याच्या नाकाखाली धरली. "काय आहे हे?"

"पाणी असेल," जावईबापू म्हणाला.

त्याने डोळे उघडले. बाटलीवर ठळक अक्षरात स्पिरिट लिहिलेलं होतं.

"उभा जन्म त्या वासात काढलात, तुमचं नाक कधीच मेलंय," ताई म्हणाल्या. "आणि पॉलिशचं स्पिरिट कुणी पिऊ नये म्हणून त्यात विषारी पदार्थ मिसळलेले असतात. माणसाची दृष्टी जाते त्याने, जीवही जातो. कुणाला दिलं नाहीत ना?"

"सकाळीच सासूबाईंना दिलंय," एवढंच जावईबापू बोलला. त्याने तिथूनच घरी फोन लावला. पलीकडे सासूबाई होत्या.

"आई, सकाळचं औषध..."

"ते होय? गिळलं नाही हो मी. जिभेला लागताच कपाटाच्या पॉलिशचा वास आला. रुमालात थुंकले, चूळ भरली."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुम्ही किती हौसेने आणलं होतंत. जावयाचं मन कसं मोडायचं? म्हटलं, संध्याकाळी पुन्हा दिलंत तर डोळे मिटून घेऊन टाकीन."

जावईबापू मटकन खाली बसला आणि त्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, रडला. ताईंनी त्याला पाणी दिलं. तरी सासूबाईंना डॉक्टरांना दाखवाच, असं बजावून त्याला घरी पिटाळलं. डॉक्टरांनी तपासून काही धोका नसल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे त्याच्या घशाखाली घास उतरला.

पुढे तो ताईंची क्षमा मागायला गेला. ताईंनी त्याला ओरडण्याऐवजी मागच्या खोलीत नेलं. काय ती खोली! ओटा लख्ख पुसलेला, कुठे उग्र वास नाही. मंद आचेवर सुकी फुलं शेकून घेतलेली. मग ती ऑलिव्हच्या तेलात घालून ते भांडं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेलं, आणि ताई दर थोड्या वेळाने पाणी किती तापलंय ते पाहत होत्या. तेल हळूहळू हिरवट सोनेरी होत होतं. पुढे ते कापडातून गाळायचं आणि प्रयोगशाळेतून त्याची ताकद तपासून आल्याशिवाय बाटलीत भरायचं नाही, हा ताईंचा नेम.

"यात गाळून उरतं ते तेलच. पोटात गेलं तर बिघडत नाही," ताई म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू, हा अर्क सौम्य असतो. लवकर खवटतो, थंड जागी ठेवावा लागतो. मोठ्या कारखान्यांत अर्क काढायला स्पिरिटसारखा, पण शुद्ध द्रावक वापरतात, तो यंत्रांनी पुरता काढतात, तपासतात. त्यांचं त्यांना शोभतं. माझ्या एवढ्याशा खोलीत मी तो जुगार का खेळू? तुम्ही पॉलिशचा पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा देता का?"

"नाही. फोड येतात."

"मग माणसाच्या पोटाला घाई कशी चालेल?"

ज्या बाईला तो मनात संथ म्हणत होता, तिचा तो संथपणा म्हणजे दुसऱ्याच्या जिवाची केवढी काळजी होती! त्याला त्या बाईंपुढे हात जोडावेसे वाटले आणि त्याने ते जोडले.

सासूबाईंना डॉक्टरांनी तेच तेल जरा जरा वाढवून दिलं. आग पुरती गेली नाही, पण आता त्या अंगणात फेरी मारतात. एकदा त्यांना तेल देताना जावईबापू म्हणाला, "आई, एक मागू? यापुढे माझं मन खुशाल मोडा. पण मी दिलं म्हणून काहीही गिळू नका."

सासूबाईंनी त्याच्या हातातली बाटली घेतली, त्याच्यासमोर हुंगली, आणि मगच तोंड उघडलं.

तेव्हा मंडळी, आपल्या माणसासाठी औषध आणताना जीव तुटतो, हे कबूल. पण प्रेमाने दिलं म्हणून औषध शुद्ध होत नाही. ते सावकाश, निगुतीने शुद्धच बनवावं लागतं, जाणत्याकडून तपासून घ्यावं लागतं, आणि घेणाऱ्याला नको म्हणायची मोकळीक द्यावी लागते.