तुम्ही व्हा पुढे

पाण्याच्या टाकीच्या वर जो सरळ चढ लागतो, तिथे मुकादमिणीला मागून पुन्हा टिकटिक ऐकू आली. तिने मान वळवली नाही.

चढावर मान वळवायची नसतेच. मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागून हँडल, आणि पातळ टायरची सायकल सरळ नालीत जाते. नवऱ्याने पहिल्याच दिवशी शिकवलेली गोष्ट. पण आज तिने मान वळवली नाही ती काही शिस्त म्हणून नव्हे. वळून बघितलं तर रस्ता रिकामा दिसणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रिकामा रस्ता बघायची तिची तयारी नव्हती.

सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पाय चालू असले की ते गप्प असतं. पाय थांबवून चाक नुसतं पळू दिलं की टिकटिकतं. म्हणून उतारावर मागून टिकटिक आली तर त्यात काही नवल नाही, कोणीतरी मजेत बसून खाली येत असतं. पण उभ्या चढावर? चढावर पाय थांबले की सायकल थांबते आणि माणूस आडवा होतो. पाय न हलवता डोंगर चढणारा माणूस अजून कोणाच्या पोटी जन्मला नाही.

मागची टिकटिक मात्र चढत होती. तिच्याच वेगाने, तिच्या मागे सायकलभर अंतर ठेवून.

तिला मुकादमीण म्हणायच्या त्या दवाखान्याच्या लॉन्ड्रीतल्या बायका. मुकादम म्हणून तिला कोणी नेमलेलं नव्हतं. पण ओल्या चादरींची ढकलगाडी कोणी कुठे लावायची, वाफेच्या इस्त्रीवर कोणी उभं राहायचं, आणि वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी रक्ताचे कपडे वेगळ्या पिशवीत टाकले नाहीत तर जिना चढून जाऊन त्यांची कोणी खरडपट्टी काढायची, हे सगळं तीच ठरवायची. नवरा त्याच दवाखान्यात लिफ्टची देखभाल करायचा. सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणत. दिवसभर लोकांना बसल्या जागी वर नेणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी मात्र पायांनी डोंगर चढायचा. पुढे बायकोलाही त्याने ते वेड लावलं. वाकड्या हँडलची जुनी रेसची सायकल आणली, तिच्या उंचीला सीट खाली केली आणि म्हणाला, "बस. नाही आवडलं तर त्यावर कपडे वाळत घाल."

तिला आवडलं. लॉन्ड्रीत दिवसभर अंगावर वाफ घेणाऱ्या बाईला डोंगरावरची कोरडी हवा आवडणारच. आणि खरं सांगायचं तर, तिथे तिच्यावर हुकूम चालवायला कोणी नव्हतं आणि तिला कोणावर चालवायचा नव्हता.

आदल्या संध्याकाळी जावई आला होता. चांगला मुलगा, फक्त बोलायला लागला की ऐकवत नाही. त्याने टेप काढून घरातली भिंत मापली.

"आई, सायकल आम्ही नेतो," तो म्हणाला. "दिवाणखान्यात आडवी लटकवू. जुनी आहे ना, उठून दिसेल."

"बोकडाचं मुंडकं का नाही लटकवत? तेही उठून दिसतं," मुकादमीण म्हणाली.

लेक भांडी पुसत होती. तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. "आई, डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलंस ना? गुडघ्यात वंगण उरलेलं नाही. सपाटीवर चाल, पोह, काय हवं ते कर. चढ बंद."

"ऐकलं. बहिरी नाहीये मी."

"मग उद्या कशाला जातेस?"

"शेवटचं."

"काय आहे गं तिथे वर? एक भिंत आणि एक बंद पडलेली चौकी."

मुकादमिणीने चहाचं आधण उतरवलं. जावयाला मात्र तिने विचारलं, हळूच, फडताळातून कप काढता काढता, "चढावर मागून फ्रीव्हीलचा आवाज कशाने येतो रे?"

"तुमच्याच चाकाचा असेल. ग्रीस सुकलं असणार. बाबा गेल्यापासून कोणी भरलंय का?"

"पाय चालू असताना वाजतं का ते?"

जावयाने बोटाने हवेत चाक फिरवून बघितलं. "नाही," तो म्हणाला. मग त्याने टेप मिटली आणि चहा निमूटपणे प्यायला. त्याला गप्प बसवणारा तो तिचा पहिलाच प्रश्न असावा.

लिफ्टवाल्याची एक पद्धत होती. चढावर तो कायम तिच्या मागे राहायचा. पायांत तिच्या दुप्पट जोर, पण पुढे जायचा नाही. म्हणायचा, पुढचा माणूस आपल्या दमाने चालतो. मागच्याने पुढे जाऊन ओढत नेलं की पुढच्याची छाती फुटते. बोलायचंही नाही, श्वास फुकट जातो. मग मी मागे आहे हे तिला कळावं कसं? तर प्रत्येक वळणावर, बाहेरच्या अंगाला चढ जरा सैल पडतो तिथे, तो क्षणभर पाय थांबवायचा. टिक टिक टिक. आहे मी, चल.

त्यासाठी त्याने आपल्या चाकात ग्रीस मुद्दाम कमी ठेवलं होतं. तिच्या चाकात मात्र गच्च भरलेलं, अगदी मुकं. ती एकदा चिडली होती, "माझ्या चाकाला का आवाज नको?" तर म्हणाला, "तू मला दिसतेस ना. ऐकू यायची गरज मला नाही, तुला आहे."

असा तो शेवटच्या वळणापर्यंत मागे. तिथून वरची भिंत दिसते. तिथे मुकादमीण सीटवरून उठून पॅडलवर उभी राहायची, सगळं अंग घालून शेवटचा तुकडा मारायची. ती उभी राहिली की त्याला ती परवानगीच वाटायची. "मी होतो पुढे, तू ये सावकाश," असं म्हणत तो बाजूने निघून जायचा, दरवेळी, लबाड कुठला. ती पोचेपर्यंत त्याची सायकल भिंतीच्या डाव्या बाजूला टेकलेली, उजवी बाजू तिच्यासाठी मोकळी, आणि हा एका पायाने पॅडल उलटं फिरवत उभा. टिक टिक टिक. किती उशीर!

तो गेला तो मात्र न सांगता. दवाखान्यातच, वरच्या मजल्यावर, आजारपणाच्या खाटेवर, ती खाली पाळीवर असताना. वरून निरोप यायच्या आधी चादरींची पिशवी खाली आली. त्यातली त्याची कोणती, हे कसं कळणार? सगळ्या सारख्याच. म्हणून त्या दिवशी तिने सगळ्याच चादरी स्वतः इस्त्रीला घेतल्या. एकही सुरकुती राहू दिली नाही.

नवरा गेला की लोक थोडे दिवस माना हलवतात आणि मग त्याचे बूट कोणाला होतील ते विचारतात. त्याची सायकल कोणी तरी नेली. ती स्वतःची घेऊन डोंगरावर जायला लागली आणि दुसऱ्या का तिसऱ्या वेळी वळणावर मागून आवाज आला. टिक टिक टिक.

ती घाबरली नाही. चिडली. एवढं आजारपण काढलं, निघताना एक शब्द नाही, आणि आता मागे मागे येतोय! पण पुढच्या सुट्टीला ती पुन्हा गेली. आणि वर, शेवटच्या वळणावर, ती सीटवरून उठली नाही. त्या दिवशी अंगात त्राण नव्हतं म्हणून. त्याच्या पुढच्या वेळी त्राण होतं, तरी उठली नाही. तिला कळून चुकलं होतं, आपण बसून राहिलो की हा मागेच राहतो.

मग ती बसूनच चढायची. शेवटच्या वळणानंतर टिकटिक बंद व्हायची. तो तिथेच थांबायचा बहुतेक, पुढच्या वेळेची वाट बघत. अलीकडे तो फक्त वळणावर वाजत नव्हता. सरळ चढावरही वाजायला लागला होता. जिथे कोणाचे पाय थांबू शकत नाहीत तिथे. जणू आता त्याला पाय मारावेच लागत नव्हते. तिच्याच मागे ओढला जात होता.

आणि उद्यापासून ती येणार नव्हती.

आज डोंगरावर लख्ख ऊन होतं. वारा पडलेला, पानही हलत नव्हतं. ऊन पाठीवर असलं की तिची सावली पुढे रस्त्यावर पडायची. पूर्वी तिच्या सावलीच्या बाजूला त्याच्या सावलीचं डोकं दिसायचं, त्यावरून तो किती जवळ आहे ते तिला समजायचं. आज एकच सावली होती. आवाज मात्र तिच्या खांद्यामागे होता.

वरच्या वळणाआधी शेळ्या आडव्या आल्या. रस्ताभर पसरलेल्या. शेळ्यांसाठी थांबलं की पुन्हा चढावर पाय बसवणं कठीण, म्हणून ती ओरडली, "ए, सरका गं बयांनो, नवऱ्याचा रस्ता आहे का तुमच्या!" शेळ्या फाकल्या. ती मधून गेली. शेळ्यांचं असं असतं, माणूस पुढे गेला की लगेच मागे रस्ता भरून टाकतात. रस्त्याच्या आतल्या काठाला टेकडीची कातळभिंत होती, ओली आणि गुळगुळीत, आणि तिच्या चकाकीत मागचा रस्ता अंधूक दिसत होता. मान न वळवता तिने तिरक्या डोळ्याने बघितलं.

शेळ्या फाकलेल्याच होत्या. मधली वाट रिकामी, आणि दोन्ही बाजूंच्या शेळ्या त्या रिकाम्या वाटेकडे बघत उभ्या. मग हळूहळू त्यांची डोकी वळली, सगळ्यांची एकाच वेळी, वरच्या दिशेला. त्यानंतर वाट मिटली.

मुकादमिणीने हँडल घट्ट धरलं. गुडघ्यात कोणीतरी सुई टोचून फिरवत होतं. तिने हलका गिअर टाकला, हात सैल सोडले, नजर पुढच्या चाकापाशी ठेवली. वर बघायचं नाही. डोंगर बघितला की पाय मोजदाद करायला लागतात.

शेवटचं वळण आलं. बाहेरच्या अंगाने तिने ते घेतलं. मागे टिक टिक टिक. आहे मी.

"माहीत आहे," ती पुटपुटली. "इतकी वर्षं माहीत आहे."

आता भिंत दिसत होती. इथे बसून राहिलं की तो थांबणार, या वळणावर, उन्हापावसात, कोणी न येणाऱ्या रस्त्यावर. आणि ती खाली सपाटीवर चालत असणार, डॉक्टरांनी सांगितल्यासारखी. चादर इस्त्री करून तिने त्याला पाठवला होता असं तिला वाटलेलं. पाठवला कुठला! दोरी बांधल्यासारखा मागे ठेवला होता.

मुकादमिणीने दात आवळले आणि ती पॅडलवर उभी राहिली.

गुडघ्यातून कळ निघाली ती थेट जबड्यात गेली. सायकल डावीकडे, उजवीकडे झुलली. एक पाय, दुसरा पाय. टिकटिक खांद्यापासून कानाशी आली. उजव्या बाजूला, पान न हलणाऱ्या त्या हवेत, तिच्या बाहीचं कापड फडफडलं. वंगणाचा आणि लिफ्टच्या खोलीतल्या गरम तारांचा वास आला आणि गेला. मग आवाज तिच्या पुढे होता. रिकाम्या चढावर, पुढे, आणखी पुढे, वेग वाढवत. भिंतीपाशी पोचून तो थांबेल असं तिला वाटलं. थांबला नाही.

ती वर पोचली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. रस्ता इथे थोडा सपाट होतो आणि मग डोंगराच्या पलीकडे उतरतो. पलीकडे ते दोघं कधीच उतरले नव्हते. तो म्हणायचा, एकदा जाऊ. ती म्हणायची, परत कोण चढून येणार? मला दुपारची पाळी असते.

पलीकडच्या पहिल्या वळणाआडून आवाज येत होता. पॅडल उलटं फिरवल्याचा. टिक टिक टिक. किती उशीर!

तिची सायकल सपाटीवरून आपोआप पुढे चालली होती. पाय थांबलेले होते, पण तिचं चाक मुकंच होतं, त्याने भरलेल्या ग्रीसमुळे. पुढचं चाक उताराच्या तोंडाशी आलं. आता काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसायचं. गुडघा दुखणार नव्हता, श्वास लागणार नव्हता. उतार इतका सोपा दिसत होता की बघणाऱ्याला झोप यावी. वळणाच्या पलीकडे ऊन नव्हतं.

टिक टिक टिक.

मुकादमिणीने दोन्ही ब्रेक दाबले. पाय खाली टेकवला. लॉन्ड्रीत मशीन चालू असताना बोलायची तसं, मोठ्याने, ती म्हणाली,

"तुम्ही व्हा पुढे. मला दुपारची पाळी आहे."

वळणाआडचा आवाज थांबला. इतका वेळ थांबला की तिला वाटलं, रागावला. मग उतारावर पळतं तसं चाक पळायला लागलं. टिकटिकीची एकच सलग रेघ झाली. ती एक वळण उतरली, मग दुसरं, दर वळणावर बारीक होत. शेवटी ती टिकटिक आहे की आपल्याच कानातलं रक्त, हे मुकादमिणीला सांगता येईना.

ती सायकल हातात धरून भिंतीपाशी आली. सवयीने उजव्या बाजूला टेकवली, डावी बाजू मोकळी ठेवून. पाणी प्यायली. दुखरा गुडघा चोळत काही वेळ दगडावर बसली.

खाली निघायच्या आधी ती पुन्हा उठली, सायकल उचलली आणि भिंतीच्या मधोमध टेकवली. दोन पावलं मागे जाऊन, चादर सरळ घातली आहे का ते बघावं, तसं तिने बघितलं.