डावीकडची गल्ली

जुगलकिशोर बिस्सांनी बोरू दौतीत बुडवला आणि पाहुण्यांच्या कागदावर पाचवी ओळ लिहिली: ‘डावीकडच्या गल्लीत वळू नका. पुढे काही नाही.’ फाल्गुन लागला की जैसलमेरात शाई बोरू उचलायच्या आत वाळते. ओळ संपेपर्यंत पहिलं अक्षर वाळून गेलं होतं.

वरच्या चार ओळी जुन्याच. गडीसर तलावावर सूर्य वर यायच्या आत जा. घोटुवा लाडू घ्या, पण चौकातल्या दुसऱ्या दुकानातून; पहिला हलवाई तुपाला हात आखडतो. उंटवाला सांगेल त्यातलं निम्मं खरं माना. दुपारी बाहेर पडू नका. किल्ल्यातल्या त्यांच्या तीन खोल्यांत उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ते असा कागद ठेवत. चाळीस वर्षं शाळेत शिकवून, गावाचे ‘माडसाब’ होऊनही परक्या माणसासमोर त्यांना शब्द सुचत नसत. लिहिताना मात्र सुचत.

“ही पाचवी ओळ कशाला?” त्यांच्या पत्नी गवराबाईंनी खांद्यावरून डोकावून विचारलं. “नको म्हटलं की माणूस आधी तिकडेच जातो.”

“तसेही जातातच. या महिन्यात दोघं जाऊन आले.”

“मग? काय म्हणाले?”

“एकाला लापशीचा वास आला. दुसरीला बायका गाताना ऐकू आल्या.”

गवराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत आत निघून गेल्या. त्या गल्लीत एकच घर होतं, जुगलकिशोरांच्या थोरल्या भावाचं. त्याला कुलूप लागून एकोणीस वर्षं झाली होती, आणि भाऊ रतनलाल बिकानेरला वारला त्याला सहा.

किल्ल्यात लग्नाचं आमंत्रण घराच्या भिंतीवर लिहितात. वर गणपती, खाली वधूवरांची नावं आणि तिथी. वाचेल त्याला बोलावणं. त्या घरात पुढचं लग्न ठरेपर्यंत ते पुसत नाहीत. किल्ल्यातल्या निम्म्या भिंतींवर जुगलकिशोरांचंच अक्षर होतं. पुतणीच्या, परमेसरीच्या लग्नाची भिंतही त्यांनीच लिहिली होती; दोन दिवस, अगदी मन लावून. मग घरी येऊन वाट पाहत बसले. भावकीला पिवळे तांदूळ देऊन बोलवायची रीत, आणि तांदूळ काही आले नाहीत. ज्याने भिंत लिहिली त्याला कसलं वेगळं बोलावणं, असं रतनलालला वाटलं. लिहिणं हे काम, बोलावणं निराळं, असं यांना. लग्नाच्या दुपारी ते धुतलेला अंगरखा घालून दाराआड बसून राहिले. पंगत तासभर थांबवली होती हे त्यांना नंतर कळलं. तोवर उशीर झाला होता. दोघे भाऊ पुन्हा बोलले नाहीत; त्याच वर्षी रतनलाल घराला कुलूप लावून बिकानेरला गेला. जाऊन माफी मागावी असं जुगलकिशोरांच्या मनात दरवर्षी यायचं. शब्द सुचायचे नाहीत.

सकाळी तो कागद घेऊन कोलकात्याच्या पाहुण्या तपती गुहा बाहेर पडल्या. निवृत्त प्राध्यापक, एकट्याच फिरणाऱ्या. भर दुपारी परतल्या त्या ओसरीवरूनच बोलत.

“माडसाब, मास्तर असून खोटं लिहिता हो! पुढे काही नाही म्हणे! एवढं सुंदर घर, दारात एक आजोबा. नाक तर हुबेहूब तुमचं. फरक एवढाच, की ते बोलतात.”

चुलीपाशी गवराबाईंच्या हातातली पळी थांबली.

“घर उघडं होतं?” जुगलकिशोरांनी विचारलं.

“सताड. आणि भिंतीवर हेच अक्षर.” तपतींनी कागद नाचवला. “मी म्हटलं, हे तर आमच्या माडसाबांचं. ते म्हणाले, त्याचंच. पण सांगायचं तरी, की रंग ओला आहे! हे बघा.”

त्यांच्या तर्जनीला गेरू लागला होता.

जुगलकिशोरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“आणखी काही म्हणाले?”

“जेवायला बसा म्हणाले. मी म्हटलं, पोट गच्च आहे, माडसाबांनी सांगितलेल्या लाडवांनी. तर हसले. म्हणाले, मग त्याला सांगा, मानपान पुरे झालं, पंगत खोळंबली आहे. आणि हे दिलं.”

कागदाची पुडी होती. आत चिमूटभर पिवळे तांदूळ. हळद अजून ओली.

तपती खोलीत गेल्यावर गवराबाई बाहेर आल्या.

“अहो, कुणीतरी थट्टा करतंय. परमेसरीने घर विकलं असेल.”

“किल्ली आपल्याकडे आहे.”

रतनलाल गेल्यावर परमेसरीने पाठवलेली किल्ली देव्हाऱ्यात होती. दोघांनी तिकडे पाहिलं. होती तिथेच होती.

जुगलकिशोर उठले. पेटीतला केशरी साफा काढून त्यांनी आरशासमोर बांधला. पहिला पेच चुकला, तो सोडून पुन्हा बांधला. पुडी खिशात ठेवली.

“या उन्हात?”

“पंगत दुपारचीच होती.”

“थांबा, मीही येते.”

“तुला तांदूळ आलेत का?” त्यांनी विचारलं, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं.

“किल्ली तरी न्या.”

“लागणार नाही.”

त्या दारात उभ्या राहिल्या. केशरी साफा उतारावरून गेला आणि डावीकडे वळला.

उन्हं किल्ल्याच्या भिंतीवरून खाली उतरली तरी त्यांचं ताट झाकलेलंच होतं. काहीतरी करायचं म्हणून गवराबाई मेजावरचे कागद आवरू लागल्या. उद्याच्या पाहुण्यांसाठी जुगलकिशोरांनी सकाळीच लिहून ठेवलेला कागद सर्वांत वर होता. त्यातली पाचवी ओळ खोडली होती. पण जाताना ते मेजाकडे फिरकलेही नव्हते. गवराबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

खोडलेल्या ओळीखाली त्याच वळणदार अक्षरात नवी ओळ होती. गवराबाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

‘डावीकडच्या गल्लीत एकच घर आहे. दुपारी जा. वेगळं बोलावणं लागत नाही.’